बंद पडलेल्या देशी संगणकाचं नाव परत मिळवताना

ऐंशीच्या दशकात भोसरीच्या एमआयडीसीत एक छोटा घरगुती संगणक बनत असे. झेड-८० प्रोसेसर, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्राम चढवायला साधा टेपरेकॉर्डर. काही शाळांनी घेतला, काही हौशी लोकांनी घेतला, नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्याला कुलूप लागलं. एप्रिल २०२५ मध्ये त्या नावाचं ट्रेडमार्क प्रमाणपत्र माझ्या ईमेलवर आलं. आराखडे, मॅन्युअल, रॉम (यंत्राचे कायमचे प्रोग्राम ज्यात असतात त्या चिप) आणि बऱ्याचशा कॅसेटी त्याच्या आधीच जपून झाल्या होत्या. हा क्रम कसा ठरला आणि त्यात काय काय लागलं, ते इथे लिहितोय. असे बंद पडलेले देशी ब्रँड अजून बरेच आहेत आणि कुणाच्या तरी मनात हे करायचं असणारच.

संगणकाचं नाव मात्र लिहीत नाही. मूळ भागीदारांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. त्यांना आता "तुमच्याकडे जुना माल आहे का" असे फोन नको आहेत.

थोडं मागचं सांगायला हवं. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली, नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं, आयात सैल झाली, आणि त्याच सुमारास सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोचले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकाची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला लहान लहान भागीदारी संस्था होत्या: तीन मित्र, एक गाळा, चार सोल्डरिंग करणाऱ्या बायका आणि एक टेस्ट बेंच. आमचा संगणक असल्याच एका गाळ्यातला. अशा संस्थांची कागदपत्रं कुठल्याच संग्रहालयात नसतात. ती माळ्यावर असतात.

२०२१ च्या दिवाळीनंतर एका शाळेच्या भंगारातून दोन यंत्रं माझ्याकडे आली आणि तिथून हे सुरू झालं. एक मित्र सोबत होता. तो एम्बेडेड सिस्टिम्समध्ये काम करतो, माझा हात कागदपत्रांवर जरा बरा चालतो. यंत्रं आम्ही लगेच सुरू केली नाहीत, तुम्हीही करू नका. पॉवर सप्लाय सुटा काढा, त्यातले कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर आधी तपासा. जुना रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्टेज पुढे गेलं तर सगळ्या चिप एका क्षणात जातात, आणि त्यातली रॉम कदाचित जगातली शेवटची असते.

जानेवारी २०२२ मध्ये मी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च’ केला. हा शोध फुकट आहे, फक्त ओटीपी लागतो. वर्डमार्क, म्हणजे नावाचा शब्द, आणि मालाचा वर्ग टाकायचा. संगणक वर्ग ९ मध्ये येतात. नुसतं नेमकं स्पेलिंग शोधून थांबू नका, ‘फोनेटिक’ शोधही करा. उच्चाराला जवळ असलेली नावं पुढे आडवी येतात. आमचं नाव सापडलं. १९८५ चा अर्ज, वर्ग ९, आणि पुढे शेरा: ‘रिमूव्हड’. १९५८ च्या जुन्या कायद्यात नोंदणी सात वर्षांची असायची. १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाला, तेव्हापासून ती दहा वर्षांची झाली. म्हणजे १९९२ मध्ये मुदत संपली, नूतनीकरण कुणी केलं नाही आणि नाव नोंदवहीतून गेलं.

इथे बरेच जण म्हणतील, मग टाक अर्ज, नाव मोकळंच आहे. कायद्याने ते बहुतांशी खरंही आहे. नोंदवहीतून काढलेला मार्क त्यानंतर एखादं वर्षच नव्या अर्जाच्या आड येऊ शकतो. आम्ही तो रस्ता घेतला नाही. एक तर नाव घेऊन आराखडे आणि रॉम हाती लागत नाहीत, त्यांचा कॉपीराइट वेगळाच चालतो. आणि दुसरं म्हणजे, ज्यांनी ते बनवलं त्यांतले एक जण हयात होते. त्यांना न विचारता त्यांचं नाव घेणं मला तरी जमलं नसतं.

मूळ मालक कोण हे कळायला भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे उतारा मागावा लागतो. कंपनी असती तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून सगळी सार्वजनिक कागदपत्रं बघता आली असती. भागीदारी संस्थेचं तसं नाही. नोंदणी क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर काम सरळ होतं. तो क्रमांक आम्हाला एका जुन्या गॅरंटी कार्डच्या मागे, विक्रीकराच्या नंबरशेजारी छापलेला मिळाला. तेव्हा जुनी बिलं, गॅरंटी कार्डं, पॅकिंगचे खोके काही म्हणजे काही टाकू नका.

संस्था भागीदारी होती हे आमचं नशीब. नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीची उरलेली मालमत्ता आपोआप जुन्या संचालकांची होत नाही. कंपनी पुन्हा जिवंत करायला न्यायाधिकरणात जावं लागतं, नाहीतर बेवारस मालमत्ता सरकारकडे जाते. तुमचा ब्रँड अशा कंपनीचा असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी गाठा. भागीदारीत विघटनाचा दस्त असतो आणि त्यात गुडविल, म्हणजे धंद्याचा नावलौकिक, कुणाकडे गेलं ते बहुधा लिहिलेलं असतं. आमच्या दस्तात एकच ओळ होती: गुडविल तिघांचं, समान.

तिघांपैकी एक काका चिंचवडला राहतात. दुसऱ्या भागीदारांच्या पत्नी सांगलीला, आणि तिसऱ्यांचा मुलगा कॅनडात. काकांकडे मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, तळाचा सिरीयल नंबर वाचला आणि म्हणाले, "हा दुसऱ्या लॉटमधला. याच्या कीबोर्डचा रबर शीट आम्ही बदलला होता, पहिल्याचा चिकटायचा." मग मला म्हणाले, "तू हे विकणार आहेस का?" मी म्हणालो, "आधी जपणार आहे, काका. विकायचं पुढे बघू." त्यांना बरं वाटलं की वाईट, तेव्हा काही कळलं नाही. पण पुढच्या खेपेला त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून ठेवली होती.

ट्रंकेत आराखड्यांचे ट्रेसिंग पेपर होते, अमोनिया प्रिंट होत्या, फॅनफोल्ड कागदावर डॉट मॅट्रिक्सने छापलेलं मॉनिटर रॉमचं लिस्टिंग होतं (मॉनिटर म्हणजे इथे पडदा नव्हे, यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम), आणि रबर बँडने बांधलेल्या ईप्रॉम चिप. रबर बँड विरघळून चिपच्या पायांना चिकटले होते. ट्रेसिंग पेपर घडीवर फाटतो, म्हणून आधी सपाट करायला आठवडाभर जड पुस्तकांखाली ठेवले. ए-वन आकाराचं स्कॅनिंग करायला नकाशे आणि बांधकामाचे प्लॅन स्कॅन करणाऱ्या दुकानात जा, नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडे तो स्कॅनर नसतो. कागद रोलरमधून ओढला जाणार असेल तर फाटका शीट पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून द्या. ग्रे-स्केलमध्येच घ्या. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं तर पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या उडतात, आणि खरं ज्ञान त्याच दुरुस्त्यांत असतं. एका शीटवर एका रेझिस्टरची छापील किंमत खोडून पेन्सिलने दुसरी लिहिली होती. आमच्या दोन्ही यंत्रांत पेन्सिलवालीच निघाली.

ईप्रॉमबद्दल थोडं सविस्तर. या चिपला वर काचेची खिडकी असते आणि अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. थेट उन्हात ठेवली तर आठवड्याभरात, ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत. खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर आधी काळी टेप लावा, बाकी सगळं नंतर. वाचायला ‘प्रोग्रामर’ नावाचं साधं यंत्र पुरतं, पाच-सहा हजारांत मिळतं. जुन्या २७३२ वर लिहायला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१, पण वाचायला ५ पुरतात. प्रत्येक चिप तीन-चार वेळा वाचा, व्होल्टेज थोडं वर-खाली करूनही वाचा, आणि प्रत्येक वेळच्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, ताडून बघा. एकाच चिपचे दोन हॅश आले तर एखादा बिट काठावर आलाय असं समजायचं. आमच्याकडे एका चिपच्या बाबतीत तसंच झालं. छापील लिस्टिंग हाताशी होतं म्हणून तो बाइट नेमका कोणता हे कळलं. कागद आणि चिप दोन्ही जपायचे ते यासाठी.

कॅरेक्टर जनरेटरची, म्हणजे पडद्यावरच्या अक्षरांचे आकार साठवणारी, रॉम वाचली तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. ४ केबीची चिप. प्रत्येक अक्षराला ८ बाय १६ ठिपके, म्हणजे १६ बाइट, म्हणून बरोबर २५६ अक्षरं. पहिली १२८ रोमन. उरलेली १२८ देवनागरी! भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेताचं ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून निघालं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. यांनी १९८६ मध्येच आपल्यापुरती तक्ता-रचना करून टाकली होती. वरच्या चार ओळी मात्रा आणि अनुस्वारासाठी मोकळ्या, खालच्या तीन उकारासाठी, अर्धी अक्षरं वेगळ्या घरांत. टाइपरायटरसारखी डोळ्याला दिसते तीच क्रमवारी: पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफारचं बरोबर उलटं: पडद्यावर तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी बसायचा, युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी येतो. त्यामुळे जुन्या मराठी फाइली वाचायच्या तर नुसतं घराला घर जुळवून भागत नाही, क्रम लावून देणारा प्रोग्राम लिहावा लागतो. तो मित्राने लिहिला. ‘दुसऱ्या’ मधल्या र ला मात्र त्या तक्त्यात घरच नव्हतं. तिथे ‘र’ ला हलन्त लावून वेळ भागवलेली दिसते. काकांना विचारलं तर म्हणाले, "घरं संपली होती रे. ते ठेवायचं तर कंसाचं एक चिन्ह काढावं लागलं असतं, आणि बेसिकला कंस लागतो." बेसिक म्हणजे या यंत्राची प्रोग्राम लिहायची भाषा.

कॅसेटींकडे वळलो तो पावसाळा होता, म्हणून थांबलो. दमट हवेत बुरशी आलेली टेप उघडू नये, पांढरी भुकटी यंत्रभर आणि आपल्या नाकात जाते. कॅसेटी सिलिका जेलच्या डब्यांत बंद करून ठेवल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, हवा कोरडी झाल्यावर, तोंडाला मास्क लावून बाहेर काढल्या. प्लेअरचा बेल्ट आधी बघा. आमच्या प्लेअरमधल्या बेल्टची काकवी झाली होती. इथे-तिथे हात लागेल तिथे काळा डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला एक अख्खा रविवार गेला. मग हेडचा कोन, ज्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवायचा आणि हेडफोनमध्ये आवाज सर्वांत धारदार कुठे येतो ते ऐकायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली असते, म्हणून प्रत्येकीला कोन नव्याने लावावा लागतो. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा. एमपीथ्री नको, माणसाच्या कानाला न कळणारं ते काढून टाकतं आणि प्रोग्राम चढवताना नेमकं तेच लागतं. कोणतीही ‘आवाज सुधारणा’ चालू ठेवू नका.

आता प्रोग्राम कुणाचे, हा प्रश्न. कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. नोकरीत असताना लिहिलेल्या प्रोग्रामची पहिली मालक नोकरी देणारी संस्था असते. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलेल्या प्रोग्रामचं तसं नाही. लेखी हस्तांतरण नसेल तर तो लिहिणाऱ्याचाच राहतो. आमच्या कॅसेटींपैकी मॉनिटर, डेमो आणि मराठी मजकुराचं छोटं संपादन-साधन कारखान्यातल्या लोकांनी लिहिलेलं. खेळ आणि पाढ्यांचे प्रोग्राम मात्र कॉलेजच्या मुलांनी शे-दोनशे रुपयांना लिहून दिलेले. त्यांतल्या ज्यांचे पत्ते लागले त्यांना पत्रं लिहिली, सगळ्यांनी आनंदाने सही दिली. पत्राचा मसुदा करताना डोळ्यापुढे १९९९ चं उदाहरण होतं. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ५० लाख पौंडांना घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने त्या साली स्पष्ट केलं की स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत (नव्या संगणकावर जुनं यंत्र चालवून दाखवणारा प्रोग्राम) वाटायला हरकत नाही, मालकी मात्र आमचीच. एवढी साधी परवानगी, पण त्यामुळे त्या यंत्राचं पुढचं सगळं काम उघडपणे करता आलं. संमतिपत्रात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आम्ही ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगात’ असं लिहिलं. तेव्हा शंभराचा बॉन्ड पेपर चालत होता, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झालाय.

ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचे प्रोग्राम जपले आहेत, वाटलेले नाहीत. कायद्याच्या कलम ३१अ मध्ये न सापडणाऱ्या लेखकाच्या कृतीसाठी सक्तीच्या परवान्याची सोय आहे, पण तीस ओळींच्या पाढ्यांसाठी तो खटाटोप कुणी करणार नाही. बेसिकच्या इंटरप्रिटरची, म्हणजे ती भाषा यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामची, रॉमही बाहेर दिलेली नाही. तो मूळ कुणाचा, किती बदललेला, हे काकांनाही सांगता येईना.

मुख्य दस्त जानेवारी २०२३ मध्ये झाला. वकिलांनी पंधरा हजार घेतले आणि ते पैसे वसूल झाले. नाव ‘गुडविलसह’ हस्तांतरित करायचं की गुडविलशिवाय, हे दस्तात स्पष्ट हवं. गुडविलशिवाय घेतलं तर सहा महिन्यांत ट्रेडमार्कच्या निबंधकाकडे जाऊन जाहिरातीचे निर्देश घ्यावे लागतात. आमचं गुडविलसह होतं. आराखडे, मॅन्युअल आणि रॉमचा कॉपीराइट त्याच दस्तात वेगळ्या परिशिष्टात, एकेका वस्तूची यादी करून. सांगलीच्या काकूंकडून पतीच्या मृत्यूचा दाखला आणि मुलांची संमती लागली. कॅनडातल्या मुलाने काकांच्या नावे मुखत्यारपत्र केलं, तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित केलं. परदेशात केलेला असा कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा, कागद कधी आला याचा तोच पुरावा.

मोबदला तिन्ही घरांना मिळून एकवीस हजार ठरला. काका पैशांबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी दोन अटी घातल्या. मॅन्युअल पुन्हा छापलं तर पहिल्या पानावर तिघांची नावं हवीत, आणि पाच वर्षं नाव वापरलं नाही तर ते घरच्यांकडे परत. दुसरी अट वकिलांना जास्त वाटली. मला ती योग्य वाटली. कायदाही साधारण तेच म्हणतो: नोंदवलेला मार्क पाच वर्षं तीन महिने वापरला नाही तर कुणीही तो काढायला अर्ज करू शकतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टीएम-ए हा ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरला. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. आम्ही दोन वर्ग घेतले: ९, त्या आराखड्यांवरून नव्याने बनवायच्या सर्किट बोर्डासाठी, आणि १६, छापील मॅन्युअलसाठी. ‘वापर कधीपासून’ या रकान्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. पूर्वीच्या मालकांमार्फत १९८५ पासून म्हणता येतं, पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि वापराचे पुरावे द्यावे लागतात, आणि मध्ये तीस वर्षांचं भगदाड आहे. आम्ही सरळ ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ लिहिलं. जे नाही ते प्रतिज्ञापत्रावर कशाला? नाव शब्दरूपात नोंदवलं, बोधचिन्ह नंतर बघू म्हणून ठेवलं. चित्र असलं की त्याचं वर्गीकरण ही एक पायरी वाढते.

मग स्टेटस बघण्याचे दिवस. ‘फॉर्मॅलिटीज चेक पास’, ‘मार्क्ड फॉर एक्झाम’, आणि पावसाळ्यात एके सकाळी ‘ऑब्जेक्टेड’. हा शब्द लाल अक्षरांत दिसला की पोटात गोळा येतो. घाबरू नका, बऱ्याच अर्जांना आक्षेप येतो. आमचा कलम ११ खाली होता: उच्चाराला सारखा एक जिवंत मार्क वर्ग ९ मध्ये, खेळण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं. समोरच्या मालकाकडून ना-हरकत घ्यायची, त्यांचा मार्क न वापरल्याबद्दल काढायला अर्ज करायचा, किंवा आपल्या मालाची यादी आखडती घ्यायची, असे तीन रस्ते होते. आम्ही तिसरा घेतला. ‘गेम’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक साधने’ काढून ‘८-बिट संगणकासाठी छापील सर्किट बोर्ड’ एवढंच ठेवलं. त्यासाठी टीएम-एम फॉर्म, ९०० रुपये. जे बनवणारच नाही त्यावर हक्क सांगून काय मिळणार होतं?

त्या एका महिन्यात आणि पुढेही ‘मी तुमचं काम करून देतो’ असे फोन येतात. अर्जदाराचा तपशील सार्वजनिक असतो म्हणून. मार्क सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर सरकारी भासणारी, पैसे भरायला सांगणारी पत्रंही येतात. फी फक्त ई-फायलिंगच्या आपल्या खात्यातूनच भरा.

सुनावणी २०२४ च्या मे महिन्यात, व्हिडिओ कॉलवर. आदल्या दिवशी यादीत आपला क्रमांक बघून ठेवायचा, वेळेआधी जोडलं जायचं आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांच्या सुनावण्या ऐकत बसायचं. त्यातून बरंच शिकायला मिळतं. अधिकाऱ्यांनी एकच विचारलं: "तुमचा माल त्यांच्या मालाहून वेगळा कसा, आणि घेणारा कोण?" मी कॅमेऱ्यापुढे रिकामा बोर्ड धरला. सुट्या चिप स्वतः बसवणारा माणूस खेळण्याच्या दुकानात जात नाही, असं सांगितलं. ते हसले, नोंद घेतली, आणि पुढचा क्रमांक पुकारला.

त्याच सुमारास एक वेगळीच बातमी आली. झायलॉगने मूळ झेड-८० बंद करायचं जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ पर्यंत. १९७६ पासून बनत आलेली चिप. आमच्या बोर्डापुरता साठा मित्राने ओळखीच्या वितरकाकडून घेऊन ठेवला. बाजारात घासून नव्याने शिक्का मारलेल्या चिप खूप फिरतात. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून शिक्का निघतो का ते बघा.

तयार संगणक विकायचा आमचा बेत इथेच मागे पडला, पण कारण चिप नव्हतं. संगणक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीच्या यादीत २०१२ च्या आदेशापासूनच आहेत, पॉवर अडॅप्टर २०१४ मध्ये त्यात आले. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी, नोंदणी, शिक्का; वर्षाला शे-दीडशे नग बनवणाऱ्याला ते परवडणारं नाही. म्हणून रिकामा बोर्ड आणि छापील मॅन्युअल, एवढंच. जीएसटीचंही आधीच बघून ठेवा. वस्तूंसाठी ४० लाखांची सूट ऐकून निर्धास्त राहू नका, परराज्यात एक बोर्ड जरी विकला तरी नोंदणी घ्यावी लागते.

ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं. आमचा मार्क नोव्हेंबर २०२४ मध्ये छापून आला. त्यानंतर चार महिने कुणीही विरोध दाखल करू शकतं. या काळात करण्यासारखं काही नसतं, म्हणून आम्ही मॅन्युअल नव्याने जुळवलं. मूळ मजकुराला हात लावला नाही. छपाईच्या चुका तशाच ठेवून तळटीपा दिल्या. विरोध आला नाही आणि एप्रिलमध्ये प्रमाणपत्र. त्याआधी वर्तुळातला ‘आर’ कुठेही छापू नका. नोंदणी नसताना तो वापरला तर कलम १०७ खाली दंड बसतो. ‘टीएम’ चालतं.

हिशेब विचारतात म्हणून: सरकारी फी दहा हजारांच्या आत. वकील, नोटरी, मुद्रांक, घरच्यांचा मोबदला, स्कॅनिंग, प्रोग्रामर, चिप हे सगळं धरून लाखाच्या थोडं वर. पण तीन वर्षांवर विभागलं गेलं आणि दोघांत होतं. नावाच्या मागे लागायच्या आधी टेप आणि चिप करा, एवढा आग्रह मात्र धरेन. नोंदवही कुठे जात नाही. आम्ही ज्या कॅसेटी नोव्हेंबर २०२२ मध्ये वाचल्या त्यांतल्या दोन पुढच्या वर्षी पुन्हा लावल्या, तर एकीचा ऑक्साइड, म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर, हेडवर उतरला.

आराखडे, मॅन्युअल आणि परवानगी मिळालेले प्रोग्राम इंटरनेट आर्काइव्हवर ठेवले आहेत, वेव्ह आणि रॉम फाइलींच्या आणखी दोन प्रती वेगवेगळ्या घरांत. बोर्डांचा पहिला लॉट सप्टेंबरमध्ये गेला. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर तीन नावं आहेत. काकांनी प्रत बघून एक दुरुस्ती सुचवली: कीबोर्डच्या आकृतीत ‘ळ’ आणि ‘श’ ची जागा १९८६ मध्येच उलटी छापली गेली होती. तळटीप तयार आहे, दुसऱ्या छपाईत जाईल. मार्कचं नूतनीकरण फेब्रुवारी २०३३ मध्ये, टीएम-आर, आजच्या दराने वर्गाला ९,०००. ती तारीख मित्राच्या आणि माझ्या, दोघांच्या कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे आणि कॅनडातल्या मुलालाही कळवली आहे.